नळीआधी श्वास

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन मध्येच ठेवलास आणि त्यानंतर तुझ्याकडून काही नाही. तुझ्या बाबांचे म्हणणे असे की मी गप्प राहावे, तुझा राग येतो तसा उतरतो. दादा म्हणाला, तुम्हा दोघींचे हे नेहमीचेच आहे. पण या वेळी विषय नेहमीचा नव्हता, म्हणून पत्र लिहायला बसले आहे. फोनवर माझा आवाज चढतो, मग तुझाही चढतो. कागदावर निदान मला माझे वाक्य पुरे करता येईल. उपदेश करायचा नाही असे ठरवले आहे. किती पाळता येते ते पाहू.

तू सांगितलेस ते सगळे मी मनाशी पुन्हा मांडून पाहिले. पेशंट रात्री आला. अंगाने भारी, मान आखूड, शुद्ध हरपलेली, तोंडात स्राव भरलेला. श्वासनलिकेत नळी टाकायला पहिल्यांदा घशात पाहायचा लॅरिंगोस्कोप घातलास तेव्हा स्वरयंत्र दिसले नाही. दुसऱ्यांदा नळी अन्ननलिकेत गेली, कॅपनोग्राफवर उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची लाट उमटली नाही आणि तू ती तत्क्षणी काढलीस. तिसऱ्यांदा बूजीच्या लवचिक काडीवरून नळी बसली. या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयत्नाच्या मध्ये उशाशी उभी असलेली सिस्टर म्हणाली, "मॅडम, सॅच्युरेशन ब्याऐंशी, एकदा बॅगिंग करून घेऊ या," म्हणजे रक्तातला ऑक्सिजन ब्याऐंशी टक्क्यांवर आला आहे, मास्क लावून हाताने बॅग दाबत श्वास देऊ या, एवढेच तिचे म्हणणे, आणि तू तिला सगळ्यांदेखत गप्प केलेस. पेशंट वाचला. तुझ्या लेखी विषय तिथेच संपला, आणि मी त्या सिस्टरची बाजू घेतली तेव्हा तू म्हणालीस, "आई, तू सिस्टर होतीस म्हणून तुला तसे वाटते."

होय, म्हणूनच वाटते.

आधी जे मनापासून आवडले ते लिहिते, नाहीतर आई फक्त चुका काढते असे तू म्हणशील. चुकलेली नळी तू ज्या वेगाने काढलीस त्याचा मला फार अभिमान वाटला. बाबांना ते इतक्यांदा सांगितले की आता ते ऐकताना पेपर उचलतात. चांगले अनुभवी डॉक्टर त्या जागी अडकलेले मी पाहिले आहेत. "नळी आत जाताना मी स्वतः पाहिली," असे म्हणत ते स्टेथोस्कोप लावत राहतात, नळीत धरलेली वाफ दाखवतात. आणि वाफ तर अन्ननलिकेतल्या नळीतही धरते. कार्बन डायऑक्साइडची लाट मात्र अशी फसवत नाही. छातीवर दाब देणे सुरू असले तरी, नळी जागेवर असेल तर ठेंगणी का होईना, लाट सहसा दिसतेच. लाट नाही म्हणजे नळी चुकीच्या जागी आहे असे धरून चालायचे, हे तुझ्या अंगात मुरले आहे. मी कामाला लागले तेव्हा कॅज्युअल्टीत हे यंत्र नव्हते. पोटावर आणि दोन्ही काखांत स्टेथोस्कोप ठेवून ऐकायचे आणि ओठांचा रंग पाहत राहायचे, एवढेच हाती होते. त्यातही ज्याच्या अंगात रक्तच कमी, तो ऑक्सिजन संपला तरी लवकर निळा पडत नाही, आणि आपण मात्र त्याच्या गुलाबी नसलेल्या, पण निळ्याही नसलेल्या ओठांकडे पाहून स्वतःची समजूत घालतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मला त्या रात्रीची काळजी नाही. ती रात्र निभावली. मला काळजी आहे ती पुढच्या एखाद्या रात्रीची, जेव्हा आकडा ब्याऐंशीवरून सत्तरवर जाईल, तुझे डोळे लॅरिंगोस्कोपच्या पात्यावर खिळलेले असतील आणि तीच सिस्टर मॉनिटर पाहून काही बोलणार नाही. एकदा सगळ्यांदेखत गप्प केलेली बाई दुसऱ्यांदा बोलण्याआधी विचार करते. त्या विचारात अर्धा मिनिट जातो, आणि हृदय थांबलेल्या माणसाच्या मेंदूला ऑक्सिजनवाचून राहता येते तो अवधी जेमतेम चार ते सहा मिनिटांचा असतो, हे मी तुला सांगायला नको.

ब्याऐंशी हा आकडाही जितका दिसतो तितका साधा नाही. नव्वदला रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब साधारण ६० मिमी पारा उरलेला असतो, आणि तिथून खाली उतरण नाही, कडा आहे. शंभरवरून नव्वदवर यायला जो वेळ लागला त्याच्या कितीतरी कमी वेळात नव्वदवरून सत्तर येते. शिवाय बोटावरचे यंत्र शिळी बातमी देते. हातपाय गार पडलेल्या, रक्तदाब खाली गेलेल्या माणसात ते अर्धा मिनिट, कधी त्याहूनही अधिक मागे असते. म्हणजे सिस्टरने ब्याऐंशी म्हटले तेव्हा फुप्फुसांत त्याहून कमी शिल्लक होते. निरोगी, सडपातळ माणसाला आधी तीन मिनिटे पूर्ण ऑक्सिजन दिला, तर श्वास थांबल्यावरही त्याला आठ मिनिटांच्या आसपास सवड मिळते. भारी अंगाच्या माणसाची तीच सवड तीन मिनिटांच्या आत आटते, आणि आधीच आजारी असेल तर त्याहून लवकर. गरोदर बाई आणि तान्हे मूल यांचेही तसेच. हे सगळे तुझ्या परीक्षेत होते आणि तुला माझ्याहून चांगले येते. हातात लॅरिंगोस्कोप असताना मात्र ते कोणालाच आठवत नाही, म्हणून ते आठवणारे माणूस उशाशी उभे असते.

पाहा, लागलेच मी शिकवायला. रागावू नकोस. तुझ्या हाताखाली शिकणारी मुले आता तुला मॅडम म्हणतात आणि मी तुला घरी बसून फुप्फुसांचा हिशेब सांगते आहे, हे माझ्याही लक्षात येते.

पण बॅगिंगबद्दल थोडे बोलू दे, कारण तू ते शब्द असे उच्चारलेस की जणू नळी बसत नाही तोवर करायचे ते हलके काम. माझी निम्मी नोकरी त्या कामात गेली. अंगठा आणि पहिले बोट मास्कवर, उरलेली तीन बोटे जबड्याच्या हाडाखाली. हनुवटीखालच्या मऊ भागात बोटे रुतली की जीभ आणखी मागे जाते. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो, चेहरा वर उचलून मास्कमध्ये आणायचा असतो. गालाशी हवा फसफसायला लागली की एका हाताचा हट्ट सोडून दोन्ही हातांनी मास्क धरायचा आणि बॅग दुसऱ्याच्या हाती द्यायची. कवळी असेल तर बॅगिंगच्या वेळी घट्ट बसलेली कवळी तोंडातच राहू द्यायची, गाल भरलेले राहतात. नळी टाकताना काढायची. मोठ्या माणसाची बॅग दीड लिटरच्या आसपास असते आणि त्याला एका श्वासाला पुरते अर्धा लिटर, म्हणून पूर्ण पिळायची नाही. छाती जेमतेम उचललेली दिसली की पुरे, पाच-सहा सेकंदांनी पुढचा श्वास. घाबरलेला माणूस धडाधड बॅग दाबतो, हवा पोटात जाते, पोट फुगते, उलटी वर येते आणि मग नळी आणखी अवघड होते. तुमच्या कॅज्युअल्टीत हे काम सगळ्यांत नवख्या मुलाच्या हाती देतात असे तूच सांगितलेस. मला ते पटत नाही.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांपुढे यंत्रे मोजकी होती, आणि ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि हाताने बॅग दाबून श्वास द्यायचा, असा मार्ग काढला. पंधराशेच्या आसपास विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन् महिने बॅगा दाबल्या. आधी अशा रुग्णांतले बहुतेक दगावत होते, ते प्रमाण पुष्कळ खाली आले. आजचे अतिदक्षता विभाग तिथून पुढे वाढले. इब्सेनचे नाव पुस्तकात आले आणि त्या मुलांची आली नाहीत, ते ठीकच आहे. पण नळी बसवायला काही मिनिटे लागली असतील. रुग्णाला जगवले ते त्यानंतर रात्रभर चाललेल्या हातांनी.

तू लहान होतीस तेव्हाची ती रात्र तुला आठवणार नाही. तुला भुंकल्यासारखा खोकला सुरू झाला होता, प्रत्येक श्वासाला गळ्यातून शिटी वाजत होती आणि बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. क्रूप. त्या वयात स्वरयंत्राखालची वाट मुळात इतकी अरुंद असते की थोडीशी सूजही भारी पडते. वाटेची रुंदी निम्मी झाली की अडथळा सोळापट होतो. मूल रडले की त्याला जास्त हवा लागते आणि नेमकी तेवढीच मिळत नाही. म्हणून त्याला आडवे करायचे नाही, घशात काही घालून पाहायचे नाही, आईच्या मांडीवरून उचलायचेही नाही. हे सगळे मी कितीतरी आयांना सांगितले होते. त्या रात्री मला ते सांगितले एका तरुण सिस्टरने, वयाने माझ्याहून पुष्कळ लहान. तिने मास्क आधी तुझ्या बाहुलीला लावला, मग तुझ्या नाकापासून चार बोटे दूर धरला, आणि मला म्हणाली, "ताई, तुम्ही श्वास मोजणे थांबवा, तिला तुमच्या तोंडावर दिसते आहे." मी थांबले. औषधाच्या वाफेने तू तासाभरात शांत झालीस आणि नीलूमावशी येईपर्यंत झोपलीसही. मास्क तुझ्या नाकाशी धरताना तिच्या हाताला बारीकसा कंप होता, पण मला टोकताना तिचा आवाज स्थिर होता. मी तुझी आई आहे आणि शिवाय जाणती सिस्टर आहे, हे माहीत असूनही ती बोलली.

२००५ साली इंग्लंडमध्ये इलेन ब्रॉमिली नावाची ३७ वर्षांची बाई नाकाच्या सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी आली. भूल दिल्यावर श्वासमार्ग राखता येईना, ऑक्सिजन घसरला आणि अनुभवी डॉक्टर एकामागून एक नळी टाकण्याचे प्रयत्न करत राहिले. एका नर्सने गळ्याला छेद देण्याचा संच आणून ठेवला आणि तो आणल्याचे सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट मागवली. पुढे चौकशीत असे दिसले की आता काय करायला हवे हे नर्सेसना कळत होते, पण ते डॉक्टरांपुढे कसे मांडावे हे त्यांना उमजत नव्हते. इलेन तेरा दिवसांनी गेली. तिचा नवरा मार्टिन विमानाचा पायलट. त्याने कोणाला शिक्षा मागितली नाही, हे घडले कसे ते विचारले आणि २००७ साली याच कामासाठी संस्था काढली. विमानात सहवैमानिकाने मुख्य वैमानिकाला अडवणे हा उद्धटपणा मानत नाहीत, ते त्याचे कामच असते. त्याला ते तिथे, शस्त्रक्रियागृहात, कुठेच सापडले नाही. ते डॉक्टर नालायक नव्हते, मुक्ता. तुझ्यासारखेच हुशार होते, आणि आपले हात चालतात हे त्यांना माहीत होते. माझ्या भीतीचे कारण तेच आहे.

आमच्याकडे एक वयस्क भूलतज्ज्ञ होते. अवघड नळी असली की स्राव ओढून घेणारे सक्शन सुरू करून उशीखाली ठेवायचे, डोके उचलून कान छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेच्या पातळीला आणायचे, आणि मग लॅरिंगोस्कोप हातात घेण्याआधी आम्हाला म्हणायचे, "नव्वद झाले की मला थांबवा, मी चिडलो तरी थांबवा." ते खरोखरच चिडायचे. आम्ही तरी थांबवायचो. त्यांना मास्क परत चेहऱ्यावर ठेवण्यात कधी कमीपणा वाटला नाही. दोन-चार श्वास देऊन ते उशी बदलायचे, पाते बदलायचे, नाहीतर तिथेच दुसऱ्याच्या हाती द्यायचे. दुसरे एक होते, ते अशा वेळी ओरडायचे. त्यांच्या पाळीत आम्ही सगळ्याजणी आपापल्या हातांकडे पाहत काम करायचो. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिले की त्यांच्या पाळीत सगळे सुरळीत चालते.

तू तशी होशील असे मी म्हणत नाही. तू थकलेली होतीस, सलग दुसरी रात्र होती, समोर माणूस मरत होता; त्या जागी उभे राहणे काय असते ते मला माहीत आहे आणि घरात बसून बोलणे सोपे आहे हेही. तुला माफी मागायलाही सांगत नाही. ते तुझे तू पाहशील, आणि मी सांगितले म्हणून मागितलीस तर तिला ते कळेलच. पुढच्या वेळी नळी टाकण्याआधी तिला मॉनिटरपाशी उभी कर आणि कोणत्या आकड्याला तुला थांबवायचे ते सगळ्यांना ऐकू जाईल असे सांग. बोलण्याची परवानगी आधीच दिलेली असली की बोलणाऱ्याला धीर गोळा करावा लागत नाही. एवढेच. म्हणजे एवढेच नाही, पण पुन्हा सुरू केले तर हे पत्रही तू मध्येच ठेवशील.

बाबांची डोळ्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. ते तुला सांगणार नाहीत, म्हणून तूच फोन कर. माझ्याशी बोलायचे नसेल तर मी उचलणार नाही. आणि त्या सिस्टरचे नाव काय, ते तू सांगितले नाहीस. तुला माहीत आहे ना?

तुझी,
आई

ता. क. : मॉनिटरचा आवाज रात्री कोणी बंद करून ठेवतात का तुमच्याकडे? सॅच्युरेशन उतरले की ठोक्याचा सूर खाली उतरतो, आणि डोळे घशात असताना ऐकू येते ते तेवढेच. पाळी सुरू झाली की आधी तो सुरू करायला सांग.