आठ वर्षांचा मुंजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांतल्या भयकथांत मुंजा पुष्कळदा भेटतो, पण लाल डोळे, वाढलेली नखं आणि वाटेल तिथे वाटेल त्याला धरायची ताकद दिल्यावर त्याच्यात आणि खविसात फरक तो काय उरला? मुंजा लिहायचा तर आधी त्याचं वय धरून ठेवावं.

मुंज झाली आणि सोडमुंजीआधी, म्हणजे ब्रह्मचर्य संपवणाऱ्या विधीआधी, मुलगा गेला, की त्याचं भूत ते मुंजा. मुंज आठव्या वर्षी. म्हणजे तो शंभर वर्षं पिंपळावर असला तरी अक्कल आठ-दहा वर्षांच्या पोराची. लेखक त्याच्या तोंडी थोराचं कपट आणि थोराची वासना घालतात आणि तिथेच कथा पडते. त्याचा लग्नाचा हट्ट खरा, पण तो विधीतून आलेला आहे. सोडमुंजीत बटू मेखला उतरवून काशीला निघतो आणि ‘मुलगी देतो’ म्हणत मामा त्याला माघारी फिरवतो. ह्याच्यासाठी मामा आलाच नाही. लग्न म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. सगळ्यांना मिळतं ते आपल्याला मिळालं नाही, एवढंच कळतं. हट्टी पोरासारखा तो तेच तेच मागत राहतो.

भीतीचं सामान त्याच्या अंगावरच आहे: लंगोटी, कमरेला मुंज गवताची तिपेडी मेखला, जानवं, शेंडी, हातात पळसाचा दंड. नखांची गरज नाही. तिन्हीसांजेला ओसरीवर दंड टेकल्याचा आवाज यावा आणि कोवळ्या गळ्यातून ‘ॐ भवति भिक्षां देहि’ ऐकू यावं. मुंजीच्या दिवशी मातृभोजनात तो आईच्या ताटात शेवटचं जेवलेला असतो. म्हणून जी बाई भिक्षा घालेल तिला तो आई धरतो आणि तिच्या पोटी दुसरं मूल येऊ देत नाही, अशी कल्पना मी करीन. बायकांना मूल होत नाही ते मुंजामुळे, हा समज कोकणात जुनाच आहे.

त्याची सत्ता पिंपळाच्या सावलीपुरती ठेवावी. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि बारीक, त्यामुळे नुसत्या झुळुकीनेही पान हलतं आणि पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. पाखरांच्या विष्ठेतून बी विहिरीच्या चिऱ्यांत पडतं, मुळं बांधकाम फोडतात. मुंजा विहिरीत उतरायची वाट हीच. शनिवारखेरीज पिंपळाला शिवू नये म्हणतात. आठवड्याचे सहा दिवस ज्या पोराला कोणी हात लावत नाही, त्याचं सातव्या दिवशी काय होत असेल, हे लिहून पाहावं.

१९०९ साली नाशिकला अनंत कान्हेरे यांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या कलेक्टर जॅक्सन यांनी जमवलेल्या लोकसमजुती पुढे एन्थोव्हेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने छापल्या. कोकणातला मुंजा त्यांतही आहे.

शेवटच्या पानावर मुंजाला जाळून टाकू नये. आपल्याकडे त्याला मारत नाहीत, बसवतात. पार बांधतात, पिंपळाला जानवं घालून त्याची मुंज लावतात, शेंदूर लागतो आणि त्याचा मुंजोबा होतो. पुण्यात मुंजाबाचा बोळ आहे, धानोरीला मुंजाबा वस्ती आहे. पार बांधल्यावरही एखाद्या संध्याकाळी दंड टेकल्याचा आवाज आला, तर कथा तिथे थांबवावी.

आपला,
लोककथांचा एक वाचक, रत्नागिरी