स्टँडवरच्या ताई आणि रिक्षावाले दादा, मनापासून आभार

आम्ही दोघं पशुपतिनाथाच्या दर्शनाला काठमांडूला निघालो होतो. कोल्हापूरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघताना शेजारच्या ताईंनी विचारलं, "कागदपत्रं घेतली न्हवं?" आम्ही आधार कार्डं दाखवली. विमानानं नेपाळला जाताना आधार 65 वर्षांपुढच्यांना आणि 15 वर्षांखालच्या मुलांनाच चालतं, बाकीच्यांना पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड लागतं, हे त्यांच्यामुळं कळलं. मी 71 चा, पण ही 62 ची! तिचं कार्ड शिवाजी पेठेत, देव्हाऱ्याखालच्या डब्यात. आम्हाला सोडायला आलेले रिक्षावाले दादा किल्ली घेऊन सुसाट गेले आणि गाडी हलायच्या आत घामाघूम होऊन परतले. कार्डाला कुंकू लागलेलं. पैसे घेईनात. म्हणाले, "काका, देवाला माझा नमस्कार सांगा."

सांगितला, दादा. तुमचं नाव ठाऊक नव्हतं, तरी बागमतीच्या काठी तुमच्यासाठी हिनं एक दिवा लावलाय.