इंजिन बंद कसं पडतं, ते आधी बघ

छत्रपती संभाजीनगर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझं अर्धंच बोलणं कळलं. येलदरी धरणाच्या पाण्यावर रेंज टिकत नाही. होडीचं इंजिन काठावरून नीट निघतं, दहा-पंधरा मिनिटांनी भर पाण्यात बंद पडतं आणि जरा वेळ थांबलं की पुन्हा चालू होतं, असंच ना? डोळ्याची पट्टी सुटेपर्यंत मला येता येणार नाही, म्हणून ताईकडून हे लिहून घेतोय.

कार्बोरेटर लगेच खोलू नकोस. इंजिन बंद कसं पडतं, ते आधी कान देऊन ऐक. दिवा मालवावा तसं एकदम गप्प झालं, तर ठिणगी गेली. गचके खात, दम सोडत बंद पडलं, तर पेट्रोल पोचत नाही.

गचके सुरू झाले की टाकी आणि इंजिनाच्या मधला रबरी फुगा हातात घे. तो चोखलेल्या आंब्यासारखा चपटा झाला असेल तर टाकीत हवा शिरत नाहीये. झाकणावरचा हवेचा छोटा स्क्रू बंद राहिला असेल किंवा त्यात माती बसली असेल. झाकण सैल कर. सुस्स आवाज आला की समज, दुखणं सापडलं. मी एकदा याच पाण्यात अख्खी दुपार घालवली होती. प्लग बदलले, कार्बोरेटर उघडला, वाऱ्यानं होडी पार खुंटांत नेली, आणि शेवटी त्या स्क्रूचे दोन आटे सोडले तर इंजिन चाललं. उभं राहिलं की टाकीत हळूहळू हवा शिरते, म्हणून थोड्या वेळानं ते आपोआप चालू होतं. तुझंही तेच असावं असं मला वाटतं.

तापलेली कॉइलही अशीच फसवते, थंड झाली की पुन्हा ठिणगी देते. म्हणून बंद पडलं की थांबून न राहता त्याच क्षणी झाकण सोडून दोरी ओढ. लगेच चालू झालं तर कॉइलचा दोष नाही.

फुगा चपटा नाही, पण दाबत राहिलं तरच इंजिन चालतं, असं दिसलं तर पेट्रोल पंपाचा पडदा गेला, नाहीतर नळीच्या सांध्यातून हवा ओढली जातेय. नळी जुनी आहे. आताच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर आतून मऊ करतं आणि हवेतली ओलही ओढून घेतं. टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेव. खाली वेगळा थर दिसला तर ते सगळं पेट्रोल बाजूला काढ. ताज्या पेट्रोलात आपल्या इंजिनाला लिटरला 20 मिली ऑइल. अंदाजानं ओतू नकोस, मापानं घाल.

मागून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार पडते का, तेही बघ. धार बारीक झाली किंवा थांबली तर इंजिन तिथंच बंद कर. खालच्या जाळीत शेवाळ अडकलेलं असतं. जाळी साफ करूनही धार आली नाही तर पाणी ओढणाऱ्या रबरी पंख्याची पाती झिजली. तसं चालवलं तर पिस्टन जाम होतो आणि मग खर्च आपल्याला झेपणार नाही.

ठिणगी बघायची ती काठावर, टाकी दूर ठेवून. पेट्रोलाची वाफ डोळ्याला दिसत नाही. नवा प्लग आणि पाना पत्र्याच्या डब्यात, जाळ्यांच्या खाली आहे.

बाळा, वल्ही घेतल्याशिवाय निघू नकोस आणि जॅकेट अंगातच ठेव, बसायला घेऊ नकोस. इंजिन ठीक होईपर्यंत काठाकाठानंच जा, मासळी कमी मिळाली तरी चालेल. झाकण सोडल्यावर आवाज आला की नाही, तेवढं रात्री आईच्या फोनवरून कळव. मी जागा आहे.

तुझे आबा