आधी रबर, मग ब्लेड

संपादक महोदय,

थोडा खेळ सुधारताच अनेक पालक मुलांना कार्बनचा थर असलेली ब्लेड (रॅकेटची मूळ फळी) आणि तिच्यावर चिकटवायचे जाड स्पंजचे रबर एकदमच घेऊन देतात, याची टेबल टेनिस प्रशिक्षक म्हणून मला मनापासून काळजी वाटते. नियमानुसार ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो. तरीही उरलेल्या जागेत बसणारा कार्बनचा पातळ थर चेंडूचा वेग इतका वाढवतो की, ज्याचा टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका) अजून पक्का झालेला नाही त्याचे फटके टेबलाबाहेर जातात आणि तो हात आखडून चेंडू नुसता ढकलू लागतो. ही सवय सुटता सुटत नाही.

पाच थरांची लाकडी ब्लेड आणि १.८ ते २ मिलिमीटर स्पंजचे रबर अशा खेळाडूला पुष्कळ काळ पुरते. रबरावरून चेंडू घसरू लागला, की फक्त रबर बदलावे; ब्लेड तीच राहिली तर फरक कशाने पडला हे कळते. मनिका बत्रा बॅकहँडला लांब दाण्यांचे रबर वापरते, म्हणून तेच मागणाऱ्यांनी आधी साधा बॅकहँड घोटावा. क्लबांनी निरनिराळ्या दोन-चार रॅकेट सरावासाठी ठेवल्या, तर पालकांना खरेदीपूर्वी त्या मुलांच्या हाती देऊन पाहता येतील.

– एक प्रशिक्षक, ठाणे