ट्रेब्लिंकाला 'छळछावणी' म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२७ जानेवारी जवळ आली की मराठी दैनिकांत ज्यूंच्या संहारावर मजकूर येऊ लागतो. १९४५ साली याच दिवशी सोव्हिएत सैन्य ऑशविट्झला पोहोचले आणि तिथे सुमारे सात हजार कैदी जिवंत सापडले. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये हा दिवस स्मरणदिन म्हणून ठरवला. असा मजकूर आवर्जून छापला जातो याचे आम्हांला मोल आहे. तक्रार आहे ती एका शब्दाबद्दल आणि त्या शब्दासोबत येणाऱ्या छायाचित्रांबद्दल. डाखाऊ, बुखेनवाल्ड, ऑशविट्झ, ट्रेब्लिंका, बेल्झेक या सगळ्या ठिकाणांना आपण सरसकट 'छळछावणी' म्हणतो. यातल्या काही ठिकाणांना तो शब्द नेमका लागू पडतो, काहींना मुळीच नाही, आणि त्या फरकातच लाखो माणसांचे मरण दडलेले आहे.

छावणी हा शब्द नागपूरकरांना नवा नाही. सदरच्या बाजूला छावणी नावाची वस्तीच आहे, कामठीची लष्करी छावणी दोनशे वर्षांपूर्वीची आहे, दुष्काळात गुरांसाठी चारा छावण्या उघडतात. छावणी म्हटले की मुक्काम आला, निजायला जागा आली, दोन वेळचे काहीतरी खाणे आले. आणि छळ करायचा तर माणूस जिवंत ठेवावा लागतो. जर्मनीतली डाखाऊ अशी होती. हिटलर चॅन्सेलर झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, २२ मार्च १९३३ रोजी ती उघडली. आधी तिथे कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट डांबले गेले. कैद्याची नोंद व्हायची, त्याला क्रमांक मिळायचा, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे मिळायचे, मरेस्तोवर काम करावे लागायचे. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी दंगलीनंतर सुमारे ३० हजार ज्यू पुरुष डाखाऊ, बुखेनवाल्ड आणि साक्सेनहाउझेनला नेले गेले. देश सोडून जाण्याची तयारी दाखवणाऱ्या बहुतेकांना पुढे सोडण्यात आले. शेकडो जण तिथेच मेले. या जागांना छळछावणी म्हणणे अगदी बरोबर आहे.

आता जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडमधले ट्रेब्लिंका पाहा. जागा साधारण ६०० बाय ४०० मीटर. जर्मन अधिकारी-कर्मचारी तिसेक, हाताखालचे पहारेकरी शंभराच्या आसपास. गाडी आधी चार किलोमीटरवरच्या ट्रेब्लिंका गावच्या स्टेशनात यायची. तिथे डबे तोडून वीस-वीसच्या तुकड्या इंजिनाने मागून ढकलत आत नेल्या जात, कारण आतल्या फलाटाला त्याहून जास्त डबे लागत नसत. उतरल्यावर पुरुष एकीकडे, बायका-मुले दुसरीकडे. अंघोळ करून पुढे कामाला जायचे आहे असे सांगून कपडे उतरवून घेत, बायकांचे केस कापत. मग दोन्ही बाजूंनी काटेरी तारा आणि त्या तारांत पाइनच्या फांद्या विणलेल्या, बाहेरचे काही दिसू नये म्हणून. त्या अरुंद वाटेने सगळ्यांना पळवत नेत. वाटेच्या शेवटी गॅस चेंबर होते आणि त्यात इंजिनाचा धूर सोडला जाई. उतरल्यापासून मरेपर्यंत बहुतेकांना दोन तासही मिळत नसत. आलेल्या माणसांसाठी बराकी नव्हत्या, स्वयंपाकघर नव्हते, नोंदवही नव्हती. बराकी होत्या त्या पहारेकऱ्यांच्या, आणि प्रेते व कपडे हलवायला तात्पुरत्या जिवंत ठेवलेल्या काहीशे ज्यू कैद्यांच्या. पुढे फलाटाला खऱ्या स्टेशनासारखे रूप दिले गेले: तिकीट खिडकी, गाड्या बदलण्याच्या सूचना, आणि भिंतीवर रंगाने काढलेले घड्याळ. त्याचे काटे कधी हलले नाहीत.

इथे छावणीही नाही आणि त्या अर्थाचा छळही नाही. म्हणून अशा ठिकाणांना 'संहारकेंद्र' म्हणावे अशी आमची सूचना आहे. पाच ठिकाणे निःसंशय त्यात येतात: खेल्म्नो (डिसेंबर १९४१ पासून), बेल्झेक (मार्च १९४२), सोबिबोर (मे १९४२), ट्रेब्लिंका (जुलै १९४२) आणि ऑशविट्झचा बिर्केनाऊ हा भाग. या पाच ठिकाणी मिळून सुमारे २७ लाख ज्यू मारले गेले. एकट्या ट्रेब्लिंकात नऊ लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या नागपूर शहराच्या लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक. ऑशविट्झ मात्र दोन्ही होते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. तिथे सुमारे १३ लाख माणसे नेली गेली, त्यांतली ११ लाख मेली. मेलेल्यांत दहा लाखांच्या जवळपास ज्यू होते. हातावर क्रमांक गोंदण्याची पद्धत फक्त ऑशविट्झमध्ये होती आणि तीही नोंद झालेल्या सुमारे चार लाख कैद्यांपुरती. फलाटावरूनच ज्यांना थेट गॅस चेंबरकडे नेले, त्यांच्या हातावर काहीच गोंदले गेले नाही. 'प्रत्येक बळीच्या हातावर क्रमांक' हे वाक्य आपल्याकडे वारंवार छापले जाते. ज्यांचे नावही कागदावर चढले नाही, ती माणसे त्या वाक्यातून पुन्हा एकदा गळतात.

आता रेल्वे. हा भाग नागपुरात तरी नीट समजावा. अजनीच्या लोको शेडमध्ये किंवा इथल्या कोणत्याही विभागाच्या कंट्रोलमध्ये काम केलेल्या माणसाला विचारा: रोज पाच हजार माणसे एका ठिकाणी पाठवायची तर काय काय लागते? रेक लागतो, इंजिन लागते, चालू वेळापत्रकात मोकळी वाट काढावी लागते, रिकामा रेक परत आणावा लागतो, आणि हे सगळे कोणीतरी कागदावर लिहून सही करून खालच्या स्टेशनांना कळवावे लागते. जर्मन रेल्वेने हे सगळे केले. वाहतूक मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी गान्झेनम्युलर यांनी २८ जुलै १९४२ च्या पत्रात कळवले आहे की २२ जुलैपासून वॉर्साहून माल्किनियामार्गे ट्रेब्लिंकाला रोज पाच हजार ज्यूंची एक गाडी जाते. या गाड्यांचे भाडेही लावले जाई: तिसऱ्या वर्गाचा दर, किलोमीटरला चार फेनिग, दहा वर्षांखालील मुलांना अर्धे भाडे, चार वर्षांखालील मुले फुकट, चारशेहून जास्त माणसे असतील तर गटाची सवलत म्हणून निम्मे. नेल्या जाणाऱ्यांचे भाडे एकेरी, पहारेकऱ्यांचे परतीसकट. माणसे नेली मालडब्यांतून आणि हिशेब ठेवला प्रवाशांचा.

वॉर्सा ते ट्रेब्लिंका अंतर ८० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नागपूर ते वर्धा. ऐन उन्हाळ्यात बंद डब्यांत शंभर-शंभर माणसे कोंबलेली, पाणी नाही, आणि पुढे गाडी रिकामी व्हायची म्हणून तासन्‌तास साइडिंगला उभे राहणे. एवढ्या प्रवासात कितीतरी जण डब्यातच गेले. वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, भूक इतकी होती की स्वतःहून स्टेशनावर येणाऱ्याला तीन किलो पाव आणि एक किलो जॅम देऊ अशी जाहिरात लावताच माणसे आली. दोन महिन्यांत अंदाजे २ लाख ६५ हजार माणसे तिथून ट्रेब्लिंकाला गेली.

ही यंत्रणा बिनचूक चाले असे जे लिहिले जाते, तेही खरे नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये ट्रेब्लिंका तुंबले. पहिला प्रमुख इर्मफ्रीड एबर्ल हा डॉक्टर होता आणि मनोरुग्णांना व अपंगांना मारण्याच्या सरकारी मोहिमेतून तो आला होता. पचतील त्याहून जास्त गाड्या त्याने मागवल्या. धूर सोडणारी इंजिने बंद पडली, खड्डे पुरेनात, प्रेते फलाटाजवळ उघड्यावर पडली, मागच्या गाड्या वाटेत अडकल्या. आत शिरणाऱ्या माणसांना समोरच सगळे दिसू लागले, म्हणजे फसवणूक संपली. एबर्लला काढले, सोबिबोरचा प्रमुख श्टांगल याला त्याच्या जागी आणले, काही दिवस गाड्या थांबवल्या आणि मोठे गॅस चेंबर बांधायला घेतले. श्टांगलही त्याच मोहिमेतून आलेला. त्या मोहिमेत ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांहून अधिक रुग्ण कार्बन मोनॉक्साइडने मारले गेले होते. दवाखान्यात हात बसलेली माणसेच पुढे पोलंडमध्ये पाठवली गेली हा दुवा मराठी मजकुरात क्वचितच दिसतो. तो यायला हवा.

आकड्यांबद्दल शंका काढणाऱ्यांना उत्तर म्हणून एक तार पुरेशी आहे. ११ जानेवारी १९४३ रोजी लुब्लिनहून एसएस या नाझी दलाचा अधिकारी हर्मन हॉफ्ले याने १९४२ अखेरपर्यंत आलेल्या माणसांचा हिशेब बिनतारी संदेशाने वर कळवला. ब्रिटिशांनी तो वाटेतच पकडून उलगडला होता, पण अर्थ न कळल्याने तो फाइलीत पडून राहिला आणि अभ्यासकांच्या नजरेस २००० साली आला. त्यात ठिकाणांची नावे नाहीत, फक्त आद्याक्षरे आहेत: लुब्लिन २४,७३३, बेल्झेक ४,३४,५०८, सोबिबोर १,०१,३७०, ट्रेब्लिंका ७१,३५५. एकूण १२,७४,१६६. बेरीज करून पाहा, जुळत नाही. ट्रेब्लिंकाच्या आकड्यात शेवटी आणखी एक ५ होता, तो लिहिताना सुटला. ७,१३,५५५ धरले की बेरीज शेवटच्या अंकापर्यंत जुळते. हा आकडा शत्रूने रचलेला नाही, मारणाऱ्यांनीच आपल्या वरिष्ठांना दिलेला आहे. वर्गात फळ्यावर ही बेरीज करून दाखवावी, दहा मिनिटे लागतात.

छायाचित्रांकडे वळतो. ट्रेब्लिंकाच्या बातमीला हमखास जोडले जाणारे चित्र म्हणजे बुलडोझरने ढकलले जाणारे प्रेतांचे ढीग. ते बर्गेन-बेल्सेनचे आहे. ब्रिटिश सैन्य १५ एप्रिल १९४५ रोजी तिथे पोहोचले तेव्हा सुमारे ६० हजार कैदी आणि हजारो न पुरलेली प्रेते होती. माणसे मेली होती भुकेने आणि टायफसने, कारण पूर्वेकडच्या छावण्या रिकाम्या करून कैद्यांना तिथे आणून कोंबले होते. बेल्सेनमध्ये गॅस चेंबर नव्हते. दुसरे नेहमीचे चित्र बिर्केनाऊच्या कमानीचे, बर्फात रूळ एकत्र येतात ते. त्याखाली 'मृत्यूच्या दारात शिरताना' असे काहीतरी लिहिलेले असते. ते चित्र मुक्तीनंतर आणि आतून बाहेर पाहताना घेतलेले आहे. कमानीतून आत जाणारा तो फलाटही मे १९४४ मध्ये, हंगेरीच्या ज्यूंना आणायच्या वेळी, वापरात आला. तोवर गाड्या बाहेरच थांबत. म्हणून त्या चित्राखाली १९४२ साल घालणे चूक.

या चुका किरकोळ वाटतील. त्यांची किंमत कुठे मोजावी लागते ते सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे 'हे सगळे थोतांड आहे' छापाचे संदेश नेमक्या याच फटींतून आत शिरतात. डाखाऊत गॅसने सामूहिक हत्या झाली नाही, बेल्सेनमध्ये गॅस चेंबरच नव्हते, ही खरी वाक्ये घेऊन त्यांवर खोटा निष्कर्ष चढवला जातो. ज्या वाचकाला सगळ्या 'छळछावण्या' सारख्याच वाटतात, त्याच्याकडे उत्तर नसते. बेल्झेक, सोबिबोर आणि ट्रेब्लिंका ही केंद्रे नाझींनी १९४३ संपेपर्यंत स्वतःच उखडली, प्रेते उकरून जाळली, जमीन नांगरली. ट्रेब्लिंकात तर एक शेतघर बांधून तिथे माणूस बसवला. हे माहीत असलेला वाचक 'मग पुरावा दाखवा' या प्रश्नाने गांगरत नाही.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंतले सगळे गॅसने मेले असे समजू नये. सुमारे वीस लाख ज्यू गावाबाहेरच्या खंदकांशी गोळ्या घालून मारले गेले. कीव्हजवळच्या बाबी यार इथे २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१, हाही मारणाऱ्यांच्याच अहवालातला आकडा. आठ ते दहा लाख घेट्टोंत आणि छावण्यांत उपासमार, रोगराई आणि छळाने गेले. दुसरे, 'पोलिश छावण्या' असे लिहू नये. त्या जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडमधल्या नाझी जर्मनीच्या होत्या. याच ओघात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा उल्लेख होतो आणि तिथले पोलिश निर्वासित हिटलरच्या गॅस चेंबरमधून सुटलेले ज्यू होते असे लिहिले जाते. ते बहुतांशी कॅथलिक होते आणि स्टालिनच्या राजवटीने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेले होते. त्यांची हकिगत वेगळी आहे आणि ती वेगळीच सांगावी.

ट्रेब्लिंकातल्या हत्येचे किंवा तिथल्या गॅस चेंबरचे एकही छायाचित्र उपलब्ध नाही. तेव्हा पुढच्या जानेवारीत त्या नावाखाली बेल्सेनची प्रेते छापण्याऐवजी तिथल्या आजच्या स्मारकाचे चित्र छापावे ही विनंती. सुमारे १७ हजार ओबडधोबड दगड उभे केलेले आहेत आणि कित्येकांवर गावांची नावे कोरलेली आहेत, जिथून माणसे आणली ती गावे. व्यक्तीचे नाव असलेला दगड एकच: यानुश कोरचाक आणि मुले. कोरचाक हे वॉर्सातले डॉक्टर आणि शिक्षक, अनाथाश्रम चालवत. ऑगस्ट १९४२ मध्ये सुमारे दोनशे मुलांसोबत ते गाडीत चढले. चित्राखाली एवढे लिहिले तरी पुरेल.

आपले,
इतिहासाचे काही अध्यापक, नागपूर