‘द फूल’ गिटारचा इतिहास तुटक आहे, तो तसाच छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्रिटिश रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या ‘द फूल’ या रंगवलेल्या गिटारवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. मी पुण्यात तीस वर्षे गिटारी दुरुस्त करतो. आपल्या पानावर त्या गिटारचे, म्हणजे गिब्सन कंपनीच्या एसजी मॉडेलचे, एवढे मोठे छायाचित्र पाहून फार आनंद झाला. मात्र लेखात ही गिटार १९६७ पासून जशीच्या तशी राहिली आहे आणि ती कोणाकडून कोणाकडे गेली याचा क्रम पक्का ठाऊक आहे, असे गृहीत धरले आहे. या दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. लिलावात एखाद्या वस्तूला कोट्यवधी रुपये मिळाले की तिचा इतिहासही गुळगुळीत करून सांगायची सवय सगळ्यांनाच लागते. वर्तमानपत्राने तरी तसे करू नये, एवढ्याच तळमळीने हे लिहितो आहे.

आधी जे ठाम आहे ते सांगतो. १९६७ च्या सुरुवातीला क्लॅप्टनचा ‘क्रीम’ हा तिघांचा बँड अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यावर निघाला. त्याआधी ही गिटार सिमॉन पोस्तहुमा आणि मारेइके कोगर या डच चित्रकारांनी रंगवली. त्यांच्या गटाचेच नाव ‘द फूल’, आणि तेच पुढे गिटारला चिकटले. बँडमधले दुसरे दोघे, जॅक ब्रूसचा बास आणि जिंजर बेकरचे ड्रमही त्यांनीच रंगवले होते. गिटारवर ढगावर बसलेला, कुरळ्या केसांचा, पंख असलेला एक देवदूत आहे. त्याच्या हातात ट्रँगल हे वाद्य आहे, भोवती ज्वाळा आणि निळ्या आभाळात चांदण्या. मार्च १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या आरकेओ थिएटरमध्ये क्लॅप्टन ती घेऊन उभा राहिला. मे महिन्यात त्याच शहरात ‘डिझरायली गिअर्स’ या अल्बमचे ध्वनिमुद्रण झाले. ज्याला ‘वूमन टोन’ म्हणतात तो टोनचे बटण पार खाली आणून काढलेला जाड, गोल, माणसाच्या गळ्याजवळ जाणारा आवाज याच काळातला.

आपल्या लेखात या दोन चित्रकारांची नावेच नाहीत, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. सगळी कीर्ती ज्या रंगांमुळे आहे, ते रंग देणारे हात वाचकाला कळायला नकोत का? याच मंडळींनी लंडनमध्ये बेकर स्ट्रीटवरच्या बीटल्सच्या ‘अॅपल’ दुकानाची अख्खी भिंत रंगवली होती. काही महिन्यांतच ती पुसून पांढरी करायला लागली. त्यांचे एक मोठे काम असे गेले. म्हणून हे लहान काम मोलाचे.

आता गिटार कोणत्या वर्षाची, हे पाहू. बहुतेक ठिकाणी १९६४ लिहिलेले असते, तर काही जुन्या मजकुरात १९६१. आमच्या धंद्यात वय ठरवायच्या दोन खुणा असतात. एक अनुक्रमांक. गिब्सनमध्ये तो हेडस्टॉकच्या, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या वरच्या टोकाच्या, मागे ठोकलेला असतो. दुसरी खूण व्हायब्रोलाची, म्हणजे दांडी हलवून तारांचा सूर कंपवायच्या यंत्रणेची. १९६१ च्या एसजीवर बाजूला ओढायचा व्हायब्रोला येई, नंतरच्या वर्षांत लांब धातूची पट्टी असलेला आला. पण या गिटारचे हेडस्टॉक आणि मानेचा काही भाग पुढे बदलला गेला. व्हायब्रोलाही काढून टाकला गेला. म्हणजे जन्मतारीख सांगणाऱ्या दोन्ही जागा गेल्या. उरतात जुनी छायाचित्रे. त्यांच्यावरून काढलेले वर्ष हा चांगला अंदाज आहे, जन्मदाखला नव्हे.

ती क्लॅप्टनच्या हातून गेली कशी, हेही दोन प्रकारे सांगितले जाते. एका सांगण्यात ती ‘बीटल्स’च्या जॉर्ज हॅरिसनकडे होती आणि त्याच्याकडून गायक जॅकी लोमॅक्सकडे गेली. दुसऱ्यात क्लॅप्टनने ती थेट लोमॅक्सलाच दिली. दिली म्हणजे भेट की उसनी, यावरही मते वेगळी आहेत. हे तिघे त्या काळात किती जवळ होते ते पाहिले की गोंधळ कसा झाला असेल हे कळते. हॅरिसनने १९६८ मध्ये आपल्या ऋषिकेशला असताना एक गाणे लिहिले, ते लोमॅक्सने गायले, निर्मिती हॅरिसनने केली आणि त्यात गिटार वाजवली क्लॅप्टनने. अशा मित्रांमध्ये वाद्य या घरातून त्या घरात जाते तेव्हा पावती कोण फाडतो? माझ्या दुकानात आलेल्या निम्म्या गिटारी ‘मित्राची आहे’ एवढ्याच ओळखीवर आलेल्या असतात.

लोमॅक्सकडून ती अमेरिकन गायक-गिटारवादक टॉड रंडग्रेनने ५०० डॉलरला घेतली, हे मात्र तो स्वतः सांगत आला आहे. त्याच्याकडे आली तेव्हा तिची अवस्था वाईट होती. मानेमागचा रंग वाजवून वाजवून गळला होता, उघड्या लाकडात घाम मुरला होता. मी हे दृश्य अनेकदा पाहिले आहे. इनॅमलचा जाड थर मानेवर टिकत नाही, अंगठ्याखाली आधी चिकट होतो, मग पापुद्रे निघतात. रंडग्रेनने मान दुरुस्त करवली, चित्राला जागोजागी रंगाचा हात लावून घेतला, वरून लॅकर मारून घेतले आणि गिटार वर्षानुवर्षे मंचावर वाजवली. तिला नाव दिले ‘सनी’. २००० मध्ये करांचे देणे भागवायला ती लिलावात दीड लाख डॉलरच्या आसपास विकली. २०२३ मध्ये त्याच गिटारला १२ लाख ७० हजार डॉलर मिळाले.

म्हणून ‘जशीच्या तशी’ हा शब्द मला टोचला. मी एकदा फार मोठी चूक केली आहे. एक गृहस्थ त्यांच्या वारलेल्या भावाची गिटार घेऊन आले. भावाने कॉलेजात असताना तिच्यावर ब्रशने रंगवलेली वेल होती, अर्धी उडालेली. ‘नवी करून द्या’ असे ते म्हणाले आणि मी पॉलिश पेपरने सगळे घासून काढले. एका दुपारचे काम. गिटार न्यायला त्यांची आई आल्या. त्यांनी नुसता हात फिरवला आणि विचारले, ‘वेल कुठे गेली?’ माझ्याकडे तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. तेव्हापासून दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वाद्याचे मी आधी फोटो काढतो, आणि काय काढले, काय नवे बसवले, हे वहीत लिहून त्याची प्रत मालकाला देतो.

रंडग्रेनने ती गिटार घासून एकरंगी केली असती तर १९७० च्या दशकात कोणी हूं की चूं केले नसते. त्याने चित्र ठेवले. मानेचा काही भाग नवा असला तरी त्या महोगनीच्या धडावरचा देवदूत आज पाहायला मिळतो तो या दुरुस्तीमुळे. ती दुरुस्ती लपवली की तिला वाचवणाराही लपतो. शिवाय उद्या एखाद्या तरुणाला त्या चित्रातला कोणता फटकारा कोगर-पोस्तहुमांचा आणि कोणता नंतरचा, याचा अभ्यास करायचा असेल, तर ‘काही बदललेले नाही’ असे वाचून तो शोधायलाच जाणार नाही.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या रविवारी छोटीशी दुरुस्ती छापावी. दोन्ही चित्रकारांची नावे द्यावीत. हॅरिसनचा दुवा ‘एका सांगण्यानुसार’ असा लिहावा. मान, हेडस्टॉक आणि रंगाचे काम रंडग्रेनच्या काळात झाले, हे स्पष्ट नोंदवावे. जमले तर १९६७ चे छायाचित्र आणि आजचे छायाचित्र शेजारी शेजारी छापावे. मी ते पान कापून दुकानात लावीन, म्हणजे जुनी गिटार ‘नवी करून द्या’ म्हणत येणाऱ्यांना आधी ते दाखवता येईल.

आपला,
एक वाचक व गिटार दुरुस्ती कारागीर, पुणे