बाई, पाठात तुमचं नाव नाही म्हणून हे पत्र

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

लिब्रे ऑफिसमधल्या कॅल्क या तक्ते आणि हिशेब करायच्या सॉफ्टवेअरच्या सूत्रांवरचा आपला पाठ मंजूर झाला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातल्या पाठांच्या शेवटी निवेदक संहिता कोणाची, आवाज कोणाचा एवढं सांगतो आणि निरोप घेतो. तिथे माझं नाव ऐकू येईल. ज्यांनी त्या पाठाची खरी परीक्षा घेतली त्यांचं मात्र येणार नाही. ते मला पटत नाही, म्हणून हे आभार चारचौघांत मानते आहे. नाव इथेही घालत नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात. पण आपल्या आळीतल्या माणसांना आणि तुमच्या हाताखालून गेलेल्या मुलांना दोन ओळींतच कळेल.

हे पत्र ज्यांच्या हाती पहिल्यांदाच पडतंय त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला आणि केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या निधीतून चालत आलेला हा प्रकल्प आहे. लिब्रे ऑफिस, लिनक्स, पायथन, सायलॅब अशी मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ तिथे आहेत. शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ ठेवायचा, दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर उघडायचं, आणि थांबवत थांबवत तसंच करत जायचं. शेजारी मास्तर नसतो. संहिता दोन रकान्यांत लिहितात: डावीकडे पडद्यावर काय दिसतं ते, उजवीकडे त्या वेळी बोलायचं वाक्य. ती आधी इंग्रजीत पक्की होते, मग मराठी, तमिळ, बंगाली, आसामी अशा भाषांत जाते. परवाना असा की कोणीही पाठ उतरवून घ्यावा, वाटावा, गरजेप्रमाणे बदलावा. फक्त मूळ श्रेय द्यावं आणि बदललेला पाठही तसाच खुला ठेवावा.

रेकॉर्डिंगच्या आधी एक टप्पा असतो, नॉविस चेक. ज्याला त्या विषयातलं काही येत नाही अशा माणसाने संहिता हातात घेऊन, कोणाच्याही मदतीशिवाय, सगळ्या पायऱ्या करून बघायच्या. वाचायला साधं वाटतं, पण असा माणूस मिळणं ही संहिता लिहिण्याहून अवघड गोष्ट आहे. माझ्या ओळखीतल्या कॉलेजच्या मुलांना कॅल्क अर्धंमुर्धं येतं. अर्धंमुर्धं येणारा माणूस पाठातली भोकं स्वतःच बुजवत पुढे जातो आणि लिहिणाऱ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालात. हजेरी, जनरल रजिस्टर, पोषण आहाराची नोंदवही तुमच्या हातची. 'सरल' पोर्टलवर माहिती भरायचं काम शाळेतले तरुण गुरुजी बघायचे. माउसला तुम्ही तोवर हात लावला नव्हता. मी विचारलं तेव्हा तुम्ही एकच अट घातलीत: "मला मधे मधे शिकवायचं नाही. कागदावर आहे तेवढंच मी करणार."

ही अट म्हणजे नॉविस चेकचा नियमच होता, आणि तो तुम्हाला कोणी सांगितला नव्हता.

मी संहिता तुमच्यासाठी मराठीत उतरवून, छापून आणली. उदाहरण तुमच्याच शाळेतलं घेतलं होतं, पोषण आहाराच्या तांदळाचं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम. 'ए' रकान्यात वर्ग, 'बी'मध्ये हजर मुलं, 'सी'मध्ये लागणारा तांदूळ, आणि ई१ या चौकोनात १००. तुम्ही पेन्सिल कानामागे खोचून कीबोर्डकडे वळलात. एकेक अक्षर शोधत बी२ मध्ये टाइप केलंत: '२८ मुले'. मग कागदावरचं सूत्र सी२ मध्ये लिहिलंत, एंटर दाबलंत, आणि तिथे '#व्हॅल्यू!' असं काहीतरी उमटलं.

मी खुर्चीच्या कडा धरून बसले होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. कागद पुन्हा वरून वाचलात, बोटाने ओळीओळीवर जाऊन. मग म्हणालात, "यात कुठेही लिहिलेलं नाही की एकक लिहू नका."

खरंच नव्हतं लिहिलेलं. लिहिणाऱ्याला ते सुचणारही नाही, कारण कॅल्क वापरणारा माणूस चौकोनात नुसता आकडा टाकतो, त्याचा हातच तसा पडलेला असतो. आणि तुम्ही सगळी नोकरी चौथीच्या मुलांना बजावण्यात घालवलीत की उत्तरापुढे एकक नसेल तर अर्धा गुण कापला जाईल. तुमच्यासारख्याच हजारो शिक्षकांनी तसंच शिकवलंय. त्यातली एखादी व्यक्ती उद्या एकटी हा पाठ उघडून बसली तर '२८ मुले' असंच लिहील, '#व्हॅल्यू!' बघेल आणि हे आपल्याला जमणारं नाही म्हणून संगणक बंद करेल. आता त्या जागी पाठात एक तुकडा आहे. चौकोनात अक्षर आलं की मजकूर डाव्या कडेला चिकटतो, नुसती संख्या असली की उजव्या कडेला जाते, आणि एकक लिहायचं ते रकान्याच्या मथळ्यात, 'हजर मुले' असं. डावी-उजवी कडेची खूणही तुम्हीच टिपलीत. तुम्ही '२८ मुले' खोडून नुसतं २८ लिहिलंत आणि लगेच म्हणालात, "आकडा पलीकडे का गेला?" मी इतकी वर्षं कॅल्क वापरते, पण हे सांगण्यासारखं आहे असं कधी मनात आलं नव्हतं.

सूत्र खाली ओढायचा प्रसंग तर मला वाटतं त्या पाठातला सगळ्यात चांगला भाग झाला, आणि तो तुमचा आहे. सी२ मध्ये =बी२*ई१ आलं, २८०० दिसलं. चौकोनाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक चौकट असते, ती पकडून खाली ओढलं की सूत्र पुढच्या ओळींत उतरतं. तुम्ही ओढलंत आणि खाली सगळीकडे शून्य. संहितेत हे शून्य मुद्दामच होतं. त्याच्यानंतर मी लगेच डॉलरच्या खुणेचा नियम सांगून टाकला होता. तुम्ही नियम वाचलाच नाहीत. शून्यावर बोट ठेवून बसलात आणि म्हणालात, "दुसरीची पोरं उपाशी राहिली. का राहिली ते मला आधी बघू दे."

मग तुम्ही सी३ वर गेलात, वरच्या पट्टीत बघितलंत: बी३ गुणिले ई२. ई२ मध्ये काही नव्हतं. "म्हणजे हा एकेक घर खाली उतरतोय, आणि त्याच्याबरोबर तांदळाचा दरही उतरला. दराला खुंटीला बांधून ठेवायला हवं." मी पुढची ओळ दाखवली: =बी२*$ई$१. "डॉलर म्हणजे खुंटी," तुम्ही म्हणालात आणि ओढलंत. सगळ्या वर्गांना तांदूळ मिळाला.

पाठातला क्रम मी त्याच दिवशी बदलला. आधी शून्य दिसतं, मग निवेदक शिकणाऱ्याला व्हिडिओ थांबवून सी३ मधलं सूत्र वाचायला सांगतो, आणि त्यानंतरच डॉलरचं नाव निघतं. नियम आधी सांगितला तर तो नुसता तोंडपाठ होतो. शून्य का आलं हे स्वतः शोधलं तर दुसऱ्या कुठल्याही तक्त्यात शून्यं दिसली की माणूस बरोबर जागी बघतो. हे तुमच्याकडून मी शिकले आणि पुढच्या प्रत्येक संहितेत वापरणार आहे. हिशेब किलोत हवा, रजिस्टरात ग्रॅम लिहीत नाहीत, म्हणून सूत्राला हजारने भागायची सूचनाही तुमचीच. बरोबरच होती.

तुमच्या पेन्सिलीच्या खुणा मी जपून ठेवल्या आहेत. जिथे तुम्ही थांबलात तिथे समासात आडवी रेघ, जिथे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं तिथे दोन रेघा. दोन रेघांच्या बहुतेक जागा एकाच प्रकारच्या निघाल्या: मी आधी कृती लिहिली होती आणि ती कुठे करायची ते नंतर. "क्लिक करा, वरच्या पट्टीतल्या उजवीकडच्या तिसऱ्या चित्रावर" असं ऐकणाऱ्याचं बोट 'क्लिक करा' ऐकताच क्लिक करून मोकळं होतं. वर्गात सूचना देताना तुम्ही "चौतीसावं पान, खालचा तक्ता, तिसरी ओळ, वाचा" असंच म्हणत असाल. आधी जागा, शेवटी काम. आता सगळी संहिता तशी आहे. तिची इंग्रजी वाक्यंही मी त्याच क्रमाने फिरवून लिहिली.

गृहपाठ तर तुम्ही सरळ स्वतःच लिहून दिलात. सहावी ते आठवीला मुलामागे १५० ग्रॅम असतात, म्हणजे दोन वेगळे दर. तर दुसरा दर ई२ मध्ये ठेवा आणि वरच्या वर्गांसाठी सूत्र दुरुस्त करा. याहून चांगला प्रश्न मला सुचला नसता, कारण ई२ मध्ये आकडा आला की सी३ मधलं चुकीचं सूत्र शून्य दाखवत नाही, खऱ्यासारखा दिसणारा आकडा दाखवतं, आणि मुलाला डॉलरची खूण स्वतः तपासावीच लागते.

तुम्हाला मी मधे एकदा सॉफ्टवेअर कार्पेंट्रीबद्दल सांगितलं होतं. १९९८ साली ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गॉर्डा यांनी अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांना प्रोग्रॅमिंग शिकवायला सुरुवात केली, आणि आज त्यांचे पाठ जगभरातले स्वयंसेवक मिळून लिहितात, सुधारतात. त्यांच्या कार्यशाळांत प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या देतात. काम जमलं की एक रंग लॅपटॉपवर लावायचा, अडलं की दुसरा, म्हणजे शिकवणाऱ्याला न विचारता वर्ग कळतो. तुम्ही ऐकून लगेच म्हणालात, "आम्ही पाट्या वर करायला सांगायचो." तेवढ्याने मला कळलं की इतके दिवस मी कोणाबरोबर काम करत होते. मुक्त प्रकल्पांत जे कौशल्य नव्याने मांडलं जातंय, त्यातलं पुष्कळसं आपल्या एकशिक्षकी आणि द्विशिक्षकी शाळांत रोज वापरलं गेलंय. ते लिहून ठेवायला कोणी गेलं नाही एवढंच.

माझं ठाम मत आहे की अशा प्रकल्पांना पाठ लिहिणारे त्या मानाने लवकर मिळतात. लिहिणाऱ्याला नाव मिळतं, प्रमाणपत्र मिळतं, बायोडेटात ओळ वाढते. न येणारा माणूस म्हणून प्रामाणिकपणे बसायला फार थोडे तयार होतात. त्यासाठी वय, पद, इतकी वर्षं मिळालेला मान हे सगळं बाजूला ठेवून 'मला हे कळलं नाही' असं मोठ्याने म्हणावं लागतं, तेही आपल्याहून लहान माणसासमोर. तुम्ही ते एकदाही संकोच न करता म्हणालात. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून कळल्यासारखं केलं नाहीत आणि मी घाई केली तर मला थांबवलंत. विषयाच्या आणि भाषेच्या परीक्षकांनीही पाठ तपासला, त्यांचीही मी ऋणी आहे. पण संहिता त्यांच्यापर्यंत पोचली ती तुम्ही भोकं शोधून झाल्यावर.

आणि हे नुसतं एका पाठापुरतं नाही. तुमच्या पेन्सिलीमुळे मूळ संहितेत जे बदल झाले ते आता ती ज्या ज्या भाषेत जाईल तिथे जातील. आसामात किंवा तमिळनाडूत कोणी शिक्षिका तो पाठ तिच्या भाषेत ऐकेल तेव्हा एकक मथळ्यात लिहायची सूचना तिला वेळेवर मिळेल. ती कुठून आली हे तिला माहीत नसेल. मला माहीत आहे, आणि ते कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला मनापासून वाटतं.

बाई, तुम्ही मला वेळ दिलात, खरं बोललात, आणि शिकवणं म्हणजे काय ते शिकणाऱ्याच्या खुर्चीत बसून दाखवलंत. त्याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे.

पुढची संहिता सॉर्ट आणि फिल्टरची आहे. उदाहरण म्हणून आकारिक आणि संकलित गुणांचं निकालपत्रक घ्यायचं म्हणते, पण इयत्ता कोणती घ्यावी ते तुम्ही ठरवा. छापील प्रत अक्षर मोठं करून आणते, मागच्या वेळी तुम्हाला बारीक पडलं होतं. रविवारी चारच्या सुमाराला येऊ का ते कळवा.

तुमची कृपाभिलाषी,
पलीकडच्या गल्लीतली